खुणांवाचून मेंढीकोट

आमच्या घरात पत्त्यांचा एकच कॅट होता, आणि तो इतका जुना की त्यातली निम्मी पानं पाठीवरूनच ओळखू यायची. इस्पिकच्या राणीच्या पाठीवर हळदीचं बोट उमटलेलं होतं. चौकटच्या सत्तीचा कोपरा मी रांगत असताना चावला होता म्हणे. किल्वरचा गुलाम कधीच हरवला होता, आणि बाबांनी कचेरीतल्या जाड कागदाचं एक पान कापून त्यावर वळणदार अक्षरात नुसतं ‘गुलाम’ असं लिहून त्याची जागा भरली होती. बाबा कचेरीत नकलनवीस होते, तेव्हा अक्षराला तोड नव्हती. पण तो गुलाम कोणाच्या हातात आहे हे लपवायची सोयही नव्हती. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की महाल भागातल्या आमच्या माडीवर कोणी न सांगता सतरंजी पसरली जायची, मधे मुरमुऱ्याची परात यायची, आणि बाबा, आई, काका, काकू नि मी असे पाच जण चार जणांच्या मेंढीकोटाला बसायचो. हरलेल्या जोडीतला एक उठे आणि पाचवा बसे. उठलेला माणूस गप्प बसत नसे, हे सांगायला नकोच.

मेंढीकोट आता फारसं कोणी खेळत नाही, म्हणून सांगते. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. प्रत्येकाला तेरा पानं. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात झाला. ज्याचं पान मोठं त्याचा हात. एक रंग हुकमाचा, तो बाकीच्या तिन्हींना मारतो; त्याचं एक पान झाकून ठेवायचं आणि कोणी हुकूम मागितला की उघडायचं. सगळी धडपड चार दश्श्यांसाठी, त्यांनाच मेंढ्या म्हणायचं. तीन मेंढ्या ज्यांच्याकडे गेल्या ते जिंकले; दोन-दोन वाटल्या गेल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा डाव; आणि चारही एकीकडे गेल्या तर समोरच्यांवर कोट. कोट चढला की काका उठून माडीभर नाचायचे.

आमच्या घरच्या खेळात खुणा उघड चालायच्या. आईला बदाम हवे असले की तिला खोकला यायचा. काकांना हुकूम उघडायला लावायचा असला की ते कान खाजवायचे. बाबा चष्मा पुसू लागले की समजावं, हातात एक्का आहे. सगळ्यांच्या खुणा सगळ्यांना माहीत होत्या, त्यामुळे ती लबाडी वाटतच नसे. आई खोकली की शेजारून काका म्हणायचे, “वहिनी, आल्याचा काढा घ्या, बदाम काही येत नाहीत तुमच्याकडे!” आणि आई हसता हसता पानं खाली पाडायची.

या सगळ्यात खरी खेळणारी एकच होती, ती म्हणजे काकू. काकू पाच वर्षांची असताना तापात तिचे कान गेले आणि कानांपाठोपाठ बोलणंही गेलं. घरात, आळीत, नात्यागोत्यात तिला ‘मुकी’ म्हणत. मीही तिला मुकी काकूच म्हणायची, आणि त्यात काही वावगं आहे असं मला सोळा वर्षांची होईपर्यंत वाटलं नव्हतं. ती हातांनी बोलायची. बाबा म्हणजे हवेत लेखणी चालवायची, आई म्हणजे कपाळावर मोठं कुंकू, मी म्हणजे खांद्यावरच्या दोन वेण्या. काकूला आमच्या खोकल्याचा आणि टोमण्यांचा काही उपयोग नव्हता; ती पानं बघायची. कोणतं पान पडलं, कोणतं राहिलं, कोणी रंग तोडला, हे तिच्या डोक्यात असं बसलेलं असायचं की डाव संपल्यावर ती सगळे हात पहिल्यापासून पुन्हा मांडून दाखवायची. आम्ही तोवर मुरमुऱ्यांकडे वळलेलो असायचो.

संक्रांत होऊन गेली होती, घरात संत्र्यांच्या सालांचा वास भरून राहिला होता, तेव्हा सीताबर्डीवरच्या एका महिला मंडळाचं पत्रक आळीत आलं. बायकांसाठी मेंढीकोटाचे सामने. मुलींच्या शाळेच्या दिवाणखान्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. जोडीने नाव द्यायचं. खेळताना बोलणं आणि खुणा करणं बंद. जिंकणाऱ्या जोडीला चांदीचे दोन करंडे. मी ते पत्रक चार वेळा वाचलं. माझं शिक्षण सातवीनंतर थांबलं होतं, लग्न ठरत नव्हतं, आणि दिवसभर घरात मी काय करते याचा हिशेब जो तो विचारायचा. मला त्या करंड्याचं काही नव्हतं. मला कुठेतरी जाऊन, परक्या लोकांसमोर, एक गोष्ट नीट करून दाखवायची होती.

आईला वाटलं मी तिच्याबरोबर जाणार. तिने लुगडंही ठरवून टाकलं. मी म्हणाले, “आई, मी काकूले घेऊन जाते.”

“मुकीले? काहून वं? मी काय वाईट खेळते?”

“तू बोलल्याबिगर खेळू शकत नाहीस. तिथं बोलायची बंदी आहे.”

आई हसली, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. “लोक हसतील त्या बिचारीले. घरात खेळते ते ठीक आहे. चारचौघात नेऊन तमाशा करून राहिली का तिचा?” मी पत्रकाची घडी करून कमरेला खोचली. आईने त्या दिवसापासून माझ्याशी सरळ बोलणं सोडलं. आज वाटतं, मी तेच जरा सावकाश सांगायला हवं होतं. पण सोळाव्या वर्षी माणूस खरं बोलतो ते दगड मारल्यासारखं.

काकूला मी पत्रक दाखवलं, खुणांनी समजावलं. ती चुलीजवळ भाकरी थापत होती. तिने पिठाचे हात तसेच धरून आधी माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग भुवया उंचावल्या. मी मान हलवली. तिने भाकरी तव्यावर टाकली, ती भाजून खाली उतरवेपर्यंत विचार केला, आणि मग दोन्ही मुठी आवळून छातीशी आणल्या. आमच्या घरात त्या खुणेचा अर्थ होता, ठरलं. आमच्या कुही गावाकडच्या धानाच्या शेतात पाणी शिरलं होतं त्या वर्षी ती खूण मी तिच्या हातांत पहिल्यांदा पाहिली होती, आणि त्या वर्षी तिने एकटीने बांध घातला होता असं काका सांगत.

काकांनी नवा कॅट आणून दिला. पानं इतकी कोरी नि गुळगुळीत की हातातून सुटायची. पाठीवरून काही ओळखू येईना तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं आपण पत्ते खेळत नव्हतो, डाग वाचत होतो. रोज सकाळचा स्वयंपाक झाला की काकू आणि मी माडीवर बसायचो; उरलेल्या दोघांची पानं उलटी ठेवून तीही आम्हीच खेळायचो. काकूने पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली. डाव झाल्यावर तिने विचारलं, चौकटचा राजा कितव्या हातात गेला? मला सांगता आलं नाही. तिने सगळी पानं गोळा करून पिसली आणि पुन्हा वाटली. असं तिने सहा डाव केलं. सहाव्याला मला चौकटचा राजा सांगता आला, तर तिने बदामची नव्वी विचारली.

या दिवसांत मी रविवारच्या डावाचा पार सत्यानाश केला. काकांनी कान खाजवला की मी “खूण केली, हात रद्द!” म्हणून ओरडायची. बाबांनी चष्मा काढला तर तो मी त्यांना पुसू देईना. आईने एक पान टाकून परत उचललं तेव्हा मी ते तिच्या बोटांतून ओढून घेतलं. बाबांनी आपली पानं सतरंजीवर उलटी ठेवली. “यमू, ही कचेरी नाही. तिकडं दिवसभर कायदाच ऐकतो मी,” एवढंच म्हणाले आणि उठून गच्चीत गेले. परातीतले मुरमुरे तसेच राहिले. काकूने माझ्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबला: हळू. मग तिने जुना कॅट उचलला, मुद्दाम आईच्या हातात डोकावून पाहिलं आणि डोळे मोठे करून काकांना सगळं सांगून टाकलं. आई हसली. मी मात्र हसले नाही. मला तेव्हा एका घरात दोन खेळ मावतात हे कळत नव्हतं. काकूला कळत होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी आईने ट्रंकेतून स्वतःचं जांभळं रेशमी लुगडं काढलं आणि काकूला स्वतःच्या हाताने नेसवलं. कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा माझ्या हातात दिला. दहा-बारा दिवसांनी ती माझ्याशी सरळ बोलली: “हारून आल्या तं चालन. पण तिले कोणाले हसू देजो नको.”

शाळेच्या दारात नाव लिहून घेणाऱ्या बाईंनी माझं नाव लिहिलं आणि काकूकडे पाहून विचारलं, “यांचं?” मागे आमच्या आळीतल्या एक बाई उभ्या होत्या, त्या चटकन म्हणाल्या, “मुकी म्हणतात हिले.” लेखणी कागदावर टेकली होती. मी म्हणाले, “यशोदाबाई. यशोदाबाई लिहा.” ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने उच्चारत होते. बाईंनी लिहिलं. काकूला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं किती लांब गेली ते तिने पाहिलं.

दिवाणखान्यात आठ टेबलं मांडली होती. घंटा झाली आणि एकदम सगळं शांत झालं. नुसता पानांचा आवाज आणि बांगड्यांचा. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरात कधी कोणी पान टाकलं आणि कोणी काही बोललं नाही असं झालंच नव्हतं. समोर काकू बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की हा दिवाणखाना तिच्या रोजच्यासारखाच आहे. आज आम्ही सगळ्या तिच्या घरी खेळायला आलो होतो. पहिली फेरी आम्ही सहज जिंकलो आणि दुसरीत एक कोट चढवला. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बायका येऊन आमच्या डब्यातल्या वड्या खाऊन गेल्या आणि काकूकडे बघून गेल्या.

तिसऱ्या फेरीला समोर एक वकीलीणबाई आणि त्यांची जाऊ आल्या. गेल्या वर्षीचे करंडे त्यांच्याच घरी होते म्हणे. पहिल्या डावात आम्ही तीन मेंढ्या घेतल्या. पानं गोळा करताना काकूने माझ्याकडे बघून मनगट जरासं हलवलं, म्हणजे ‘बरं झालं’. तेवढ्यावर वकीलीणबाई खुर्ची मागे सारून उठल्या.

“मोठ्या बाई, इकडे या जरा. या दोघी सरळसरळ खुणा करताहेत. ही बाई तर बोलतेच हातांनी! आम्हाला बोलायची बंदी आणि हिला मोकळीक, हा कुठला न्याय?”

मोठ्या बाई म्हणजे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सामन्यांच्या पंच त्याच होत्या. उंच, बारीक, सुती पांढरं पातळ नेसलेल्या. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणाल्या या तुम्हाला?”

“बरं झालं म्हणाली. डाव संपला होता.”

“ते आम्हाला कसं कळावं?” वकीलीणबाई म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. त्यांना कसं कळावं? सगळा दिवाणखाना आमच्याकडे बघत होता. कोणीतरी हसलंसुद्धा. मोठ्या बाई अडचणीत पडल्या. “यांनी हात हलवू नयेत, असं सांगता येईल का यांना?” त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण पान टाकायला हात हलवावाच लागतो.

काकूला शब्द कळले नव्हते, पण प्रकार कळला होता. ती उठून निघून जाईल असं मला वाटलं. ती उठली नाही. तिने माझ्याकडे बघायचंच बंद केलं. टेबलावर नजर ठेवून, दोन्ही हात एकावर एक ठेवून ती बसून राहिली. तिच्या त्या गप्प ठेवलेल्या हातांकडे बघून मला असा संताप आला की त्या संतापातच मला सुचलं.

“मोठ्या बाई, मधे पडदा बांधा,” मी म्हणाले. “टेबलावर तिरपा. माझ्या बाजूला या बाई, काकूच्या बाजूला यांच्या जाऊबाई. भिडूले भिडू दिसणारच नाही. खाली चार बोटं जागा ठेवा, म्हणजे टाकलेली पानं दिसतील. हुकूम मागायचा तं झाकल्या पानावर बोट ठेवायचं. मग खुणा करो का नाचो!”

मोठ्या बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. खिडकीच्या गजापासून खांबापर्यंत दोरी बांधली गेली आणि शाळेच्या नाटकाची एक पांढरी चादर तिच्यावरून सोडली. काकूला मी ही मांडणी खुणांनी समजावली. तिने चादरीच्या खालून हात घालून बघितला, मान हलवली, आणि आपल्या खुर्चीत ताठ बसली. मग ती पडद्याआड गेली. पुढचे डाव मला तिचा चेहरा दिसला नाही, नुसती बोटं दिसली.

पण वकीलीणबाई मला दिसत होत्या, हातभर अंतरावर. दुसऱ्या डावाच्या तिसऱ्या हातालाच त्यांनी उजव्या हातातली पाटली फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा फिरवली. मग गळ्यातल्या मंगळसूत्राची वाटी उचलून खाली सोडली. पडद्यापलीकडून त्यांच्या जाऊबाईंनी भलताच रंग टाकला. वकीलीणबाईंनी पाटली अशी जोरात फिरवली की हात लाल झाला. त्या मुद्दाम करत होत्या असं मी आजही म्हणणार नाही. दोन जावा वर्षानुवर्षं एका घरात खेळल्या असतील, आमच्या घरच्या खोकल्यासारखीच ती सवय असेल. फक्त त्यांनी ती घरी ठेवून यायला हवी होती, आणि काकूच्या हातांवर बोट ठेवायला नको होतं. आम्ही तो डाव जिंकलो आणि त्याबरोबर फेरीही. उठताना त्यांच्या जाऊबाईंनी पडदा बाजूला करून काकूला नमस्कार केला. वकीलीणबाईंनी केला नाही.

शेवटची फेरी कामठीहून आलेल्या दोन बहिणींशी झाली. मोठ्या बाईंनी पडदा काढायला सांगितला, तर त्यातली थोरली म्हणाली, “राहू द्या नं. बरं आहे असंच, कोणाच्या मनात किंतू नको.” त्या निर्मळ खेळल्या, आणि आम्हाला तोडीस तोड खेळल्या. एक डाव आमचा, एक त्यांचा, आणि तिसरा निकालाचा. अकराव्या हाताला काकूने चौकटची राणी टाकली. माझ्याकडे चौकट नव्हती, हुकमाचं एकच पान उरलं होतं. चौकटचा राजा अजून बाहेर आहे असं मला वाटलं, आणि मी राणीवर हुकूम मारला, माझ्याच भिडूच्या हातावर. राजा तिसऱ्या हातालाच गेला होता. शेवटच्या हाताला माझ्याकडे मारायला काही नव्हतं, आणि इस्पिकची दश्शी माझ्या डोळ्यांसमोरून त्या बहिणींकडे गेली. त्यांच्या तीन मेंढ्या झाल्या.

टाळ्या वाजल्या. करंडे दिले गेले. मोठ्या बाईंनी दुसऱ्या जोडीची नावं कागदावरून वाचली, माझं आणि ‘यशोदाबाई’ असं, आणि सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. काकूला मी खूण केली की आपलं नाव घेतलं. तिने नुसती मान हलवली; तिचं लक्ष कुठेतरी आत होतं.

काका टांगा घेऊन आले होते. आमच्याकडे बघून त्यांनी ओळखलं. “हारल्या नं? हारू द्या. चहा पिता का कुठं?” मी रिकामा डबा घेऊन टांग्यात चढले. ऊन अजून होतं. टांगा सीताबर्डीवरून महालाकडे निघाला, आणि मला रडू फुटलं. आईने दिलेलं लुगडं, तो पडदा, एवढं सगळं करून एका राजापायी घालवलं होतं मी. काकू मला जवळ घेईल असं वाटलं. तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि माझा चेहरा स्वतःकडे वळवला. मग मांडीवरच्या जांभळ्या रेशमावर तिने बोटांनी डाव मांडायला सुरुवात केली. पहिला हात, दुसरा हात. कोणी काय टाकलं, कुठल्या बाजूने. तिसऱ्या हाताला तिने हवेत मुकुट काढला आणि तो बोटाने खाली पाडला: राजा, इथे गेला. अकराव्याला माझी चूक दाखवली, सरळ, काही न लपवता, मायेने गोड न करता.

मी डोळे पुसले. आता तोच डाव मी माझी चूक सुधारून खेळले. राणीवर हुकूम न मारता हलकं पान टाकलं, हुकूम राखला, शेवटच्या हाताला इस्पिकची दश्शी मारून घेतली. मेंढ्या दोन-दोन झाल्या. काकूने हात मोजले: आमचे सहा, त्यांचे सात. तरी हारच. मी थांबले. मग मला दिसलं. मी पाचव्या हातावर परत गेले आणि तीन बोटांनी किल्वर दाखवून एक बोट वर केलं: तुझ्याकडे एक्का होता, तू दाबून ठेवलास, पुढे तो मारला गेला. तेव्हाच टाकला असता तर?

काकूने कपाळाला आठ्या घातल्या. मांडीवरची न दिसणारी पानं ती कितीतरी वेळ बघत राहिली. टांगा शुक्रवार तलावाशी आला. मग तिने स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं, आणि ती हसली, तोंडातून आवाज फुटेल इतकं.

“काय होऊन राहिलं मागं?” काकांनी विचारलं.

आम्हाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिने पुन्हा पहिल्या हातापासून वाटायला घेतलं होतं. घर येईस्तोवर आम्ही तो डाव तीन वेळा खेळलो, आणि तिसऱ्यांदा आम्ही जिंकलो.